राजा दीनदयाळ : मध्य भारताच्या उन्हात चेहरे शोधणारा छायाचित्रकार

झाशी जिल्ह्यातील एरच हे बेतवा नदीच्या काठावरील प्राचीन गाव. हिरण्यकश्यपूची राजधानी येथेच होती आणि होलिकादहनाची कथा येथेच घडली, अशी परिसरातील लोकांची श्रद्धा आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना हे गाव येथे सापडलेल्या जुन्या नाण्यांमुळे आणि लेख कोरलेल्या विटांमुळे परिचित आहे. छायाचित्रकाराला मात्र उन्हाळ्यातील दुपारी येथे उभे राहिल्यास पहिली जाणीव होते ती उन्हाची. वरून तळपणारा सूर्य आणि नदीच्या पात्रावरून उलटून येणारी तिरीप यांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र काढावे, तर त्याच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, नाकाची सावली ओठांवर पडते आणि डोक्याला पागोटे असेल तर कपाळापासून गालापर्यंतचा भाग दिसेनासा होतो. प्रकाश भरपूर असतो. पण चेहरा मात्र हरवलेला असतो.

आजच्या छायाचित्रकाराजवळ यावर उपाय आहे. तो व्यक्तीला सूर्याकडे पाठ करून उभे करतो, म्हणजे केसांच्या आणि खांद्यांच्या कडेला उन्हाची सोनेरी रेघ उमटते आणि डोळे मिचकावावे लागत नाहीत. त्यानंतर कॅमेऱ्यापासून वेगळा, एका बाजूला थोड्या उंचीवर उभा केलेला फ्लॅश तो चेहऱ्यावर सोडतो. फ्लॅश कॅमेऱ्यावरच बसवला तर प्रकाश समोरून सपाट पडतो आणि चेहऱ्याचा उठाव जातो. बाजूने आला तर गाल, नाक, हनुवटी यांना आकार मिळतो. भर उन्हात हे काम सोपे नसते. कारण बहुतेक कॅमेऱ्यांत साधा फ्लॅश वापरताना शटरचा वेग सेकंदाच्या 200 व्या किंवा 250 व्या भागापलीकडे नेता येत नाही. एवढ्या वेगाला उन्हाचा प्रकाश आवरायचा तर भिंगाचे छिद्र एफ/11 च्याही पुढे लहान करावे लागते आणि मग त्या इवल्याशा छिद्रातून जाणवेल इतका प्रखर फ्लॅश माणसाच्या अगदी जवळ आणावा लागतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, हे गणित येथे क्षणोक्षणी आठवावे लागते.

बेतवेच्याच वरच्या अंगाला असलेल्या ओरछा येथे 1882 च्या सुमारास एक भारतीय छायाचित्रकार लाकडी कॅमेरा, तिकाटणे आणि काचेच्या जड पट्ट्या घेऊन पोहोचला, तेव्हा यातील काहीही अस्तित्वात नव्हते. विजेचा फ्लॅश नव्हता, फ्लॅशचा दिवा नव्हता, मॅग्नेशियमची झटकन पेटणारी पूडही नव्हती. होता तो फक्त सूर्य. या छायाचित्रकाराचे नाव लाला दीनदयाळ. पुढे हैदराबादच्या निजामाने किताब दिल्यावर ते राजा दीनदयाळ या नावाने प्रसिद्ध झाले. एकोणिसाव्या शतकातील भारतीय राजेरजवाडे, इंग्रज अधिकारी, राजवाडे आणि मंदिरे यांची जी प्रतिमा आज आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते, तिचा मोठा भाग त्यांच्या कॅमेऱ्याने घडवला आहे.

नकाशे काढणारा हात

दीनदयाळ यांचा जन्म 1844 मध्ये मेरठजवळील सरधना येथे एका जैन जवाहिऱ्यांच्या कुटुंबात झाला. सरधना म्हणजे बेगम समरूची जहागीर. कुटुंबाचा व्यवसाय रत्नांचा असला तरी त्यांनी वेगळी वाट निवडली आणि रुरकीच्या थॉमसन कॉलेज ऑफ सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. 1866 मध्ये ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात आराखडे आणि अंदाजपत्रके तयार करण्याच्या कामावर रुजू झाले. रत्न पारखणाऱ्या घरातील मुलाने पुढे आयुष्यभर प्रकाशाची पारख केली, हा योगायोग म्हणावा लागेल. रुरकीत शिकलेले नकाशाशास्त्र मात्र योगायोगाने उपयोगी पडले नाही. त्यांच्या वास्तुचित्रांतील रेषांचा सरळपणा आणि मोजूनमापून ठरवलेली उभे राहण्याची जागा यांत हा आराखडे काढणारा हात स्पष्ट दिसतो.

इंदूर हे होळकरांचे संस्थान. तेथे तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचे राज्य होते. 1874 च्या सुमारास दीनदयाळ यांनी छायाचित्रणाला आरंभ केला आणि त्यांना होळकर महाराजांचे उत्तेजन मिळाले. मध्य भारतातील गव्हर्नर जनरलचे प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनीही त्यांना पाठबळ दिले. इंदूरचे प्रसिद्ध डेली कॉलेज याच डेलींच्या नावाने ओळखले जाते. 1875-76 मध्ये इंग्लंडचे युवराज भारत दौऱ्यावर आले, तेव्हा त्या दौऱ्याची छायाचित्रे घेण्याची संधी दीनदयाळ यांना लाभली. सरकारी नोकरी करीत असतानाच त्यांचे नाव असे सर्वदूर पोहोचू लागले.

छायाचित्रण तेव्हा भारताला अगदी नवे राहिले नव्हते. मुंबईत 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात सहभागी होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसायही थाटला होता. परंतु ही मंडळी प्रामुख्याने शहरात राहून काम करणारी होती. इंदुरातील या आराखडाकाराने कॅमेरा बैलगाडीच्या वाटेने मध्य भारताच्या उघड्या माळावर नेला.

ओली काच आणि कोरडी काच

त्या काळी उन्हात व्यक्तिचित्र घेणे किती कठीण होते, हे समजण्यासाठी काचेकडे पाहावे लागेल. दीनदयाळ यांनी सुरुवात केली तेव्हा कोलोडियनचे द्रावण फासलेली ओली काच वापरण्याची पद्धत होती. काच तंबूतील अंधारात तयार करायची, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, चित्र घ्यायचे आणि वाळण्याच्या आत पुन्हा अंधारात नेऊन धुवायची, हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. मध्य भारताच्या उष्ण वाऱ्यात काच डोळ्यांदेखत वाळत असे. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने 1871 मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. तिच्यात सुधारणा होऊन पुढच्या दशकात तयार काचा बाजारात मिळू लागल्या. छायाचित्रकाराची तंबूतून सुटका झाली ती या कोरड्या काचेमुळे. 1880 नंतर दीनदयाळ यांनी हाती घेतलेल्या लांब दौऱ्यांना या बदलाचा मोठा आधार होता.

तथापि ओली असो वा कोरडी, तेव्हाच्या काचेला रंग दिसत नसत. ती निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई. लाल आणि पिवळ्या रंगांबाबत मात्र ती जवळजवळ आंधळी होती. परिणामी निळे आकाश पांढरेफटक येई, लाल पागोटे काळे दिसे आणि गहू किंवा सावळ्या वर्णाचा चेहरा प्रत्यक्षापेक्षा अधिक गडद उमटे. युरोपातील फिकट चेहऱ्यांसाठी लिहिलेली प्रकाशाची कोष्टके येथे जशीच्या तशी चालत नसत. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना भारतीय माणसाचे चित्र घेतले तर अंगरख्याचा पांढरा भाग जळून जाई आणि चेहरा कोळशासारखा होई. प्रकाश वाढवून चेहरा वाचवावा तर कपडे जात. कपडे वाचवावेत तर चेहरा जाई.

यावरचा मार्ग एकच होता. दुसरा दिवा आणता येत नसेल तर पहिल्या दिव्याला वळवायचे. सकाळच्या पहिल्या प्रहरी किंवा दिवस कलल्यावर काम करायचे; राजवाड्याच्या भिंतीची सावली ज्या पायऱ्यांवर पडते तेथे मंडळींना बसवायचे; शामियान्याखाली किंवा कनातीच्या आडोशाला खुर्ची मांडायची; समोरच्या बाजूला पांढरे कापड धरून खालचा प्रकाश हनुवटीखाली पोहोचवायचा. अजिंठ्याच्या लेण्यांत पांढरी चादर किंवा चकचकीत पत्रा धरून ऊन आत वळवण्याची वाटाड्यांची जुनी रीत अनेकांना ठाऊक असेल. तत्त्व तेच. उघडी सावली म्हणजे वर आकाश आणि अंगावर थेट ऊन नाही अशी जागा. सारे आकाशच तेथे एखाद्या प्रचंड मऊ दिव्यासारखे काम करते आणि निळ्या प्रकाशाला भुकेलेल्या त्या काचेला तर ते विशेष मानवत असे. आजचा छायाचित्रकार फ्लॅशपुढे पांढरी छत्री किंवा कापडी पेटी लावतो, ती या आकाशाचीच छोटी नक्कल होय.

बुंदेलखंडाचा दौरा

डेली यांच्यानंतर मध्य भारतात आलेले सर लेपेल ग्रिफिन यांनी 1882 मध्ये दीनदयाळ यांना आपल्याबरोबर बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर नेले. ग्वाल्हेर, दतिया, ओरछा, खजुराहो अशा ठिकाणांच्या वास्तूंची छायाचित्रे त्यातून निर्माण झाली. मराठी वाचकाला या प्रदेशाचा इतिहास परका नाही. झाशीत नेवाळकरांचे राज्य होते. 1857 च्या उठावानंतर झाशीचे शहर आणि किल्ला शिंद्यांकडे देण्यात आला आणि ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी स्वतःकडे ठेवला. 1886 मध्ये या दोहोंची अदलाबदल झाली. म्हणजे दीनदयाळ बुंदेलखंडात फिरत होते तेव्हा राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीवर शिंद्यांचा अंमल होता आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यात इंग्रजांची फौज होती. त्याच 1886 साली ग्रिफिन यांचे मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरील भव्य पुस्तक लंडनहून प्रकाशित झाले. मजकूर ग्रिफिन यांचा असला तरी आज हे पुस्तक उघडले जाते ते दीनदयाळ यांच्या चित्रांसाठी.

वास्तूला उन्हाचा त्रास होत नाही, उलट तिला तिरपे ऊन हवेच असते. सकाळच्या प्रकाशात जाळ्या, सज्जे आणि छत्र्या उठून दिसतात. सावली हाच तेथे शिल्पाचा आकार असतो. दगडाला जी सावली शोभते, ती चेहऱ्याला मारक ठरते. वास्तू आणि माणूस या दोन्ही विषयांत सारखे यश मिळवणारे छायाचित्रकार त्या काळात थोडेच होते. दीनदयाळ हे त्यांपैकी अग्रगण्य ठरतात, याचे कारण एकाच सूर्याला त्यांनी दोन वेगवेगळ्या प्रकारे वागवले.

निजामाच्या दरबारात

1880 च्या दशकाच्या मध्यास दीनदयाळ यांनी सरकारी नोकरीतून रजा घेतली आणि पुढे निवृत्ती पत्करून पूर्णवेळ छायाचित्रणाला वाहून घेतले. चाळिशी ओलांडलेल्या, स्थिर पगाराची नोकरी असलेल्या माणसासाठी हा निर्णय साधा नव्हता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार म्हणून आश्रय दिला. सिकंदराबाद येथे त्यांचा स्टुडिओ उभा राहिला. 1894 मध्ये निजामाने त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब बहाल केला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. छायाचित्रकाराला चित्रकाराचा मान देणारा हा किताब त्या काळाच्या मानाने मोठा होता.

स्टुडिओतील प्रकाशाचा स्रोतही सूर्यच होता. छताचा आणि एका भिंतीचा काही भाग काचेचा असे आणि त्यावर पडदे सरकवून प्रकाश हवा तेवढा आत घेतला जाई. त्या काळच्या मोठ्या स्टुडिओंत निगेटिव्हवर पेन्सिलीने बारीक काम करणारे कारागीरही असत. निगेटिव्हवर जेथे पेन्सिल फिरली, तेथून छपाईच्या वेळी प्रकाश कमी जातो आणि कागदावर तो भाग उजळ दिसतो. डोळ्यांखालचा काळोख पुसण्याचा तो एक उपाय होता. आज संगणकावर जे केले जाते, ते तेव्हा टोकदार शिसपेन्सिलीने होत असे, आणि एक चूक झाली की काच वाया जाई.

1892 मध्ये हैदराबाद येथे दीनदयाळ यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ सुरू केला. त्याची व्यवस्था श्रीमती केनी-लेविक या इंग्रज महिलेकडे होती. स्टुडिओभोवती उंच भिंती होत्या. ही रचना विचार करण्यासारखी आहे. छायाचित्राला आकाश उघडे हवे आणि पडद्याला ते बंद हवे. उंच भिंतींमुळे बाहेरची नजर अडली, पण वरून येणारा प्रकाश अडला नाही. ज्या स्त्रियांचे चेहरे कुटुंबाबाहेर कोणी पाहिले नव्हते, त्यांची चित्रे तेथे काढली गेली. त्यांतील कितीतरी चित्रे घरच्या पेटीतच राहिली असतील, आणि ते योग्यच होते.

पूड आली, सूर्य राहिला

1887 मध्ये जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड इतर रसायनांत मिसळून क्षणात भडकणारा फ्लॅश तयार केला. त्यापूर्वी मॅग्नेशियमची पट्टी जाळून प्रकाश मिळवला जाई. नव्या पुडीने रात्रीची चित्रे शक्य झाली. परंतु तिचा धूर दाट, आवाज मोठा आणि धोका खरा होता. हात भाजल्याच्या आणि पडदे पेटल्याच्या घटना जगभर घडल्या. उन्हात तिचा उपयोग जवळपास शून्य होता, कारण सूर्यापुढे तिचा भडका फिका पडे आणि तेव्हाच्या शटरशी तिचा क्षण जुळवणे अवघड असे. काचेच्या बंद दिव्यातील फ्लॅश 1929-30 च्या सुमारास आला आणि हॅरॉल्ड एजर्टन यांचा विजेचा फ्लॅश 1931 नंतर. दीनदयाळ यांचे निधन त्याच्या कितीतरी आधी झाले होते. त्यांच्या मोकळ्या जागेतील चित्रांचा प्रकाश अखेरपर्यंत सूर्याचाच होता.

याचे एक सुपरिचित उदाहरण 1902 मधील आहे. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि लेडी कर्झन निजामाच्या राज्यात वरंगळजवळील नेकोंडा येथे शिकारीस गेले असता, मारलेल्या वाघाजवळ उभे असलेल्या या दाम्पत्याचे छायाचित्र दीनदयाळ यांच्या स्टुडिओने घेतले. साम्राज्याच्या दिमाखाचे प्रतीक म्हणून ते आजही पुस्तकांत छापले जाते. अशा चित्रात छायाचित्रकाराला वेळ निवडण्याची मुभा नसते. शिकार जेव्हा होईल, तोच मुहूर्त. सोला हॅटच्या रुंद कडेखाली चेहरा झाकला जातो, ही दरबारी छायाचित्रकाराची नेहमीची अडचण. साहेबाला हनुवटी थोडी वर करा, एक पाऊल डावीकडे सरका, असे सांगण्याचे धैर्य आणि ते ऐकले जाईल एवढी प्रतिष्ठा, ही दोन्ही साधने कॅमेऱ्याइतकीच आवश्यक होती. दीनदयाळ यांनी ती प्रतिष्ठा मिळवली होती. व्हाइसरॉयांची नेमणूक, 1893 च्या शिकागो प्रदर्शनातील गौरव आणि 1897 मध्ये व्हिक्टोरिया राणीची सनद त्यांच्या नावावर होती. 1896 मध्ये मुंबईत त्यांनी मोठा स्टुडिओ उघडला, तेथे देशी आणि विलायती दोन्ही ग्राहकांची रीघ लागे.

औरंगाबादची चित्रे

दीनदयाळ यांचे स्मरण केवळ राजेरजवाड्यांच्या चित्रांवरून केले तर ते अपुरे राहील. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा निजामाच्या राज्यात होते. दौलताबाद आणि वेरूळची चित्रे त्यांनी घेतलीच. पण शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुष्काळात औरंगाबाद जिल्ह्यात चाललेल्या मदतकार्याची चित्रेही त्यांच्या स्टुडिओने घेतली. 1899-1900 चा तो दुष्काळ भारतातील सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एक होता. दरबाराला आपल्या मदतकार्याची नोंद हवी होती, म्हणून ही चित्रे काढवून घेतली गेली, हे विसरता येत नाही.

या चित्रांचा विषयच असा की गालिचा आणि रंगवलेला पार्श्वपट यांना तेथे जागा नव्हती. कॅमेरा तोच, काच तीच, सूर्यही तोच. फक्त समोर उभ्या असलेल्या माणसाने चित्राची मागणी केलेली नव्हती आणि त्याची प्रत त्याला मिळणार नव्हती. राजवाड्याच्या पायऱ्यांवर ज्या मऊ सावलीसाठी तासभर थांबता येई, ती उपासमारीने खंगलेल्या माणसाला उभे करून मागता येत नाही. तरीही ही चित्रे पाहताना जाणवते की उघड्या उन्हाने येथे वेगळेच काम केले आहे. ज्या सावल्या एखाद्या नवाबाच्या चित्रात दोष ठरल्या असत्या, त्याच येथे बरगड्यांची आणि गालफडांची साक्ष बनल्या आहेत. दीनदयाळ यांच्या साऱ्या कामात ही चित्रे सर्वांत कमी पाहिली गेली आहेत आणि मराठवाड्याच्या इतिहासाला त्यांचे मोल सर्वांत अधिक आहे.

दीनदयाळ यांचे पुत्र ज्ञानचंद आणि धर्मचंद हे दोघेही व्यवसायात होते. 1903 च्या दिल्ली दरबाराची छायाचित्रे घेण्याचे मोठे काम या स्टुडिओने केले. 1904 मध्ये धर्मचंद यांचे निधन झाले. त्यानंतर वर्षभरातच, 5 जुलै 1905 रोजी, दीनदयाळ यांनीही जगाचा निरोप घेतला. ज्ञानचंद यांनी व्यवसाय पुढे चालवला, परंतु लहान कॅमेरे सर्वसामान्यांच्या हाती येऊ लागले होते आणि दरबारी छायाचित्रकाराचे युग मावळत चालले होते.

स्टुडिओतील काचांपैकी 2857 निगेटिव्ह 1989 मध्ये नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने कुटुंबीयांकडून मिळवल्या. 2006 मध्ये भारतीय डाक विभागाने दीनदयाळ यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. निगेटिव्हमध्ये सारे उलटे असते. आकाश काळे दिसते आणि दुपारच्या उन्हात चेहऱ्यावर जेथे गडद सावली पडली होती, तेथे नुसती कोरी, पारदर्शक काच असते. त्या जागी छापण्यासारखे काहीच नसते. दीनदयाळ यांच्या व्यक्तिचित्रांची काच उजेडासमोर धरली, तर डोळ्यांच्या जागी ती क्वचितच कोरी आढळते.